राजाच्या रस्त्यावरचा दर

पूर्वी गोदाकाठच्या पोतली नगरीत भद्रकेतू राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्माला आला होता. तो वयात आल्यावर राजाने राज्यातल्या सगळ्या रस्त्यांचा कारभार त्याच्याकडे सोपवला.

भद्रकेतू मनाने चांगला राजा होता. प्रजेचे आपल्यावर प्रेम आहे याची त्याला इतकी खात्री होती, की प्रजेला ते विचारून पाहावे असे त्याला कधी वाटले नाही. एकदा त्याने घाट फोडून थेट समुद्रापर्यंत गाडीरस्ता काढायचे ठरवले. खर्च राजकोठारातून व्हायचा होता. तो बोधिसत्त्वाला म्हणाला, "कमी खर्चात रस्ता पुरा कर आणि महामात्यपदाची मुद्रा बोटात घाल."

रस्त्याचा मक्ता भोगदत्त नावाच्या श्रेष्ठीने घेतला. त्याची बोली इतरांपेक्षा पुष्कळच कमी होती. ती ऐकून बोधिसत्त्वाला आनंद झाला, हे सांगितलेच पाहिजे. मुद्रा कुणाला नको असते!

काम सुरू होऊन दोन महिने झाल्यावर बोधिसत्त्व घाटाच्या पायथ्याशी गेला. तिथे भोगदत्त स्वतःसाठी नवे घर बांधत होता. दुपारची वेळ होती. घरावरचे पाथरवट झाडाखाली भाकरी खात होते आणि एकमेकांची थट्टा करत होते. त्यांना दिवसाला चार मापे धान्य मिळत होते. त्या पट्ट्यात पाथरवटाचा चालू दर तोच होता, मग घर कुणाचेही असो.

तिथून हाकेच्या अंतरावर राजाचा रस्ता होता. तिथे उंच काठीवर राजध्वज फडकत होता आणि त्याच गावांतली माणसे त्याच काळ्या दगडावर घाव घालत होती. पण तिथे कुणी बोलत नव्हते. कण्हा नावाची एक पाथरवटीण खडी फोडत बसली होती. बोधिसत्त्वाने तिला मजुरी विचारली.

"दोन मापं, धनी," ती म्हणाली.

"पलीकडे चार मिळतात. मग इथे का आलीस?"

कण्हाने वर ध्वजाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "राजाचं काम हाय न्हवं. न्हाई म्हणायला जीभ कशी वळंल? घरी दोन लेकरं हायत. एका येळेला खात्यात, दुसऱ्या येळेला निजवते."

बोधिसत्त्वाने भोगदत्ताला गाठून जाब विचारला, तर तो हसतच म्हणाला, "अमात्य, घर माझे आहे, तिथे दोन मापांवर कुत्रेसुद्धा फिरकणार नाही. रस्ता राजाचा आहे. ध्वज लावला की माणसे आपोआप येतात आणि मुकाट्याने काम करतात. तुम्ही गप्प राहा. मुद्रा तुमचीच आहे."

बोधिसत्त्व परतीच्या वाटेवर विचार करू लागला. 'दगड तितकेच लागतात आणि लोखंडही तितकेच लागते. मग खर्च कमी झाला तो कुठून? या माणसांच्या पानातून. ती मुद्रा मी बोटात घातली, तर कण्हाच्या लेकरांचा घास माझ्या बोटात असेल.' मग त्याने मुद्रेचा विचार सोडला, आणि त्याला एकदम हलके वाटले.

तो राजाकडे गेला आणि जे पाहिले ते सांगितले. राजाला ते पटेना. "दोन मापांवरही लोक येतात, कारण त्यांचे माझ्यावर प्रेम आहे," तो म्हणाला.

"तर मग महाराज, एक दिवस ध्वज उतरवू. दवंडी पिटवू, की ज्याला घरी जायचे आहे त्याने जावे, कुणाला शिक्षा होणार नाही. निम्मी माणसे जरी कामावर राहिली, तरी माझे पद काढून घ्या आणि मला राज्याबाहेर घालवा."

सभेत कुजबुज झाली. राजा मात्र खुशीत होता. आपल्या प्रेमाची परीक्षा होणार आणि तीत आपण पहिले येणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली आणि ध्वज उतरवला.

पुढच्या सकाळी राजा हत्तीवर बसून घाटात आला. रस्ता ओस पडला होता. कुदळी आणि पाट्या नीट रचून ठेवल्या होत्या. माणूस म्हणून तिथे एकटा भोगदत्त उभा होता, आणि त्याला कुठे पाहावे ते कळत नव्हते. एवढ्यात कण्हा आली. तिचा हातोडा तिच्या बापाचा होता, तो न्यायला ती आली होती.

राजा हत्तीवरून खाली उतरला. "बाई, मी वाईट राजा आहे का गं?" त्याने विचारले, आणि त्याचा आवाज दुखावलेला होता.

"न्हाई महाराज. तुमी लई चांगलं हाय," कण्हा म्हणाली. "पर तुमचा चांगुलपणा लेकरांच्या पानात वाढता येत न्हाई."

राजाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्याने सगळ्यांदेखत पुसले. भोगदत्ताला बांधून नेण्यासाठी सैनिक पुढे झाले, तेव्हा बोधिसत्त्वाने त्यांना थांबवले. "महाराज, याला शिक्षा नको. याला काम पुरे करू द्या, पण स्वतःच्या घरावर देतो तोच दर इथेही द्यायला लावा."

"तसेच होईल," राजा म्हणाला. "आणि मागचे कमी पडलेले धान्य माझ्या कोठारातून द्या. ध्वज माझा होता, तेव्हा देणेही माझेच. यापुढे राजकोठारातून जो रस्ता होईल, त्यावर राबणाऱ्याला त्या पट्ट्यातला चालू दर मिळेल. माझ्या नावावर कुणी एक मूठही कमी करायची नाही."

हा हुकूम घाटाच्या तोंडाशी शिळेवर कोरला गेला. बातमी गावोगाव पोचली आणि माणसे परत आली. या वेळी ती ढोल वाजवत आली, आणि शेजारच्या खोऱ्यातलीही आली. दगडावर घाव पडू लागले तसा गाण्यांचा आवाज घाटात घुमू लागला. पाऊस येण्याआधी रस्ता समुद्राला जाऊन भिडला. पहिली गाडी उतरली, तेव्हा पाथरवट तिच्या पुढे नाचत होते आणि राजा त्यांच्यामागून पायी चालत होता. भोगदत्ताचे घर तेवढे त्या वर्षी छपराविना राहिले.

खर्च कमी झाला नव्हता, तरी राजाने महामात्याची मुद्रा बोधिसत्त्वाच्याच बोटात घातली. बोधिसत्त्वाने धर्माने कारभार केला आणि आयुष्य सरल्यावर तो कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सुदंत नावाच्या गृहपतीला सांगितली. त्याने विहारापर्यंतची वाट बांधून दिली होती, आणि 'पुण्याचे काम आहे' असे म्हणून मजुरांना निम्मीच मजुरी दिली होती. कथा संपल्यावर शास्ते शांतपणे म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा माझा शिष्य आनंद. रस्त्यांचा अमात्य मीच होतो. भोगदत्त तू होतास, गृहपती. आणि कण्हा म्हणजे ती बाई, जी तुझी वाट बांधून आत्ता दाराशी उभी आहे आणि आत यायला संकोचते आहे."

सुदंताने मागे वळून पाहिले. मग तो उठला, दाराशी गेला आणि त्या बाईला हात जोडून आत घेऊन आला. उरलेली मजुरी त्याने त्याच दिवशी सगळ्यांना दिली.

भिक्षूंना वाटले, शास्ते याला दानपारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, म्हणतील. शास्ते म्हणाले, "ज्याचे त्याला देणे हे दान कसे होईल? देणे होते हे त्याने खरेपणाने मानले, म्हणून ही सत्यपारमिता आहे."