शेवटच्या शेताला आधी पाणी

सज्जनहो, श्री सहजगीर महाराज त्या वर्षी बागलाणातल्या सावरपाडे गावी मुक्कामाला होते. नदीकाठचं महादेवाचं देऊळ, भादव्यातला सप्ताह, आणि कथेला विद्याधरशास्त्री! आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं, खांद्यावर जरीची शाल. महाराज खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत. मधूनच घोरतही, पण ते असो.

नथू गावचा पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेताशेताला पोचवणं हे त्याचं काम. महाराजांवर त्याचा भारी जीव. बोलणं मात्र यथातथाच. चार माणसांपुढे उभा राहिला की वाक्याचं शेपूट आधी बाहेर यायचं.

शेवटच्या दिवशी भर दुपारी नथू चिखलाने माखून देवळात धावत आला. नदीला वरून लोंढा आला होता आणि बंधाऱ्याला भगदाड पडत होतं. खालच्या अंगाला तीस घरांची वस्ती, घरांत म्हातारेकोतारे आणि पाळण्यातली लेकरं! पण गावचा नेम असा, की आरती होईपर्यंत कथेतून कुणी उठायचं नाही.

"घरं... ते भोक... म्हणजे माती... टोपल्या..." नथू म्हणाला.

सभा खो-खो हसली. शास्त्रीबुवांनी पोथीवर बोट ठेवलं. "नथोबा, काय सांगायचं ते आधी ठरवा, मग सभेत या. वक्तृत्व म्हणजे पाटातला गाळ काढणं नव्हे!"

नथूच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला. आपण सांगितलं की नाही? सांगितलं असेल तर हे हसतात का? तो माघारी वळणार, एवढ्यात महाराजांनी डोळे उघडले.

महाराज म्हणाले, "नथू, पाणी कमी असलं की आधी कुठल्या शेताला सोडतोस?"

आता हे काय मधेच? "शेवटच्या शेताला, महाराज. जवळच्याला कधीबी मिळतं."

"मग बोलणंही तसंच सोड. शेवटी कोण बसलंय, बघ."

नथूने बघितलं. पार चपलांपाशी भुरामाय बसली होती. "महाराज, ती तर ठार बहिरी हाये!"

"मला ठाऊक आहे. बोल."

नथूला काही म्हणता काही उमगेना. बहिरीशी काय बोलायचं? पण गुरूची आज्ञा! त्याने बाकीची सगळी डोकी सोडली आणि तिच्या एकटीच्या तोंडाकडे बघितलं.

"भुरामाय, मी नथू. बंधाऱ्याला भोक पडलंय. मघाशी माझा हात जात होता, आता घागर जाईल. तुझी नात पाळण्यात निजलीय ना? मला माणसं पाहिजेत, टोपल्या घेऊन. आत्ता."

एवढं बोलून तो थांबला. आणखी काही सांगायचं नव्हतंच.

आणि काय नवल सांगू! बारा वर्षं जिला देवळाची घंटा ऐकू आली नव्हती, ती भुरामाय ताडकन उठली. "उठा रे मुडद्यांनो! बंधारा चालला! बहिरीला ऐकू येतं, तुमच्या कानात काय बोळे कोंबलेत?"

क्षणात देऊळ रिकामं झालं. नेम बाजूला राहिला, माणसं फावडी-टोपल्या घेऊन धावली. नथूही धावला, पण मनात एकच घोळत होतं. माझा आवाज तर खांबापर्यंतही गेला नाही, मग तिने ऐकलं कसं?

दिवस मावळायच्या आत भगदाड बुजलं. एकाही घराला पाणी लागलं नाही. माती वाहणाऱ्यांच्या रांगेत शेवटी विद्याधरशास्त्री होते, अनवाणी, जरीच्या शालीत चिखल भरून.

दमून बसल्यावर शास्त्रीबुवा भुरामायकडे गेले. "माय, सात दिवस मी बोललो. त्यातलं तुला काय पोचलं?"

भुरामाय डोळे मिचकावत त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. ऐकू येणं जसं आलं तसं गेलं होतं! मग शालीकडे बोट दाखवून ती हळहळली, "लई झ्याक होती बाबा. सात दिवस तीच बघत होते."

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. ते महाराजांसमोर आले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "महाराज, सात दिवस मी माझाच आवाज ऐकत होतो."

महाराजांनी नुसतं नथूकडे बोट केलं. शास्त्रीबुवांनी वाकून त्या चिखलाच्या पायांवर डोकं ठेवलं. नथू गडबडून मागे सरला.

"महाराज, मी काय केलं, मला अजून कळंना."

महाराज हसले. "बरंय. तसाच राहा."