खालच्या दारांचे गाव

दीमन गावात शिरणारा प्रत्येक पाहुणा पहिल्याच घरी कपाळ आपटून घेतो. दक्षिण चीनच्या चहाच्या डोंगरांत हे छोटे गाव आहे. घरे चांगली उंच, छपरेही उंच, पण दारे एवढी खाली की धडधाकट माणसाला कमरेत वाकावे लागते. पाहुणा कपाळ चोळत, खाली बघत वाकून आत शिरला की म्हातारे थाओ आजोबा हसतात. "वाकलात ते बरं केलंत," म्हणतात, "पण खाली कशाला बघितलंत?" मग उंबऱ्यावर बसून ते दाराची हकिगत सांगतात.

फार पूर्वी या गावात शेन नावाचे गुरुजी राहत. ते कन्फ्यूशियसच्या शिकवणीतले. शरीर, कातडी, केस ही आईबापांची ठेव, तिला इजा करू नये आणि मुलाने बापापुढे वाकावे, हे त्यांनी गावातल्या सगळ्या मुलांना शिकवले. त्यांचा एकुलता एक मुलगा युआन मात्र घर सोडून बुद्धाच्या विहारात गेला आणि डोके मुंडून भिक्षू झाला. काही वर्षांनी तो भिक्षेला दारात आला, तेव्हा गुरुजींनी त्याच्या डोक्याकडे पाहिले आणि पाठ फिरवली.

"वाकून नमस्कार कर, मग उंबरा ओलांड," ते भिंतीकडे पाहत म्हणाले.

"बाबा, भिक्षू गृहस्थापुढे वाकत नाही. तो आमचा नियम आहे."

"मग बाहेरच राहा."

त्यानंतर दर सुगीला युआन यायचा. आई श्यूयिंग दाराबाहेर येऊन त्याच्या पात्रात भात वाढायची, बाप आत पाठमोरा बसायचा. तो निघून गेला की गुरुजी विचारायचे, "गेला का?" त्याहून जास्त काही नाही. पण त्या रात्री ते जेवत नसत, असे सांगतात.

पुढे गुरुजींनी अंथरूण धरले. हे आता उठत नाहीत, हे श्यूयिंगला कळले. दोघांना एकदा एका छपराखाली पाहावे, एवढेच तिला हवे होते. ती डोंगरावर पाई बाबांकडे गेली. पाई बाबा ताओच्या वाटेचे. औषधी मुळ्या खणत, लोकांच्या मोडक्या खाटा-पेट्या दुरुस्त करत आणि कुणालाही उपदेश करत नसत.

"बाबा, एक वाकत नाही आणि दुसरा वाकवल्याशिवाय राहत नाही. मी काय करू?"

पाई बाबा खूप हसले म्हणे. "माणसांच्या मागे कशाला लागतेस बाई? दारच खाली आण. पाणी उतारावरून जातं, तू कुणापुढे वाकलंस असं त्याला कुणी विचारतं का?"

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन आले. ते चौकटीची वरची फळी उतरवत असताना गुरुजी पडल्यापडल्या पाहत होते. त्यांनी कशासाठी म्हणून विचारले नाही. फक्त म्हणाले, "ती खूण आहे बघा, तिच्याही खाली बसवा. नाहीतर ताठ मानेनं येईल तो."

चौकटीवर युआनची उंची कोरलेली होती, तो शाळेत जायचा तेव्हाची. पाई बाबांनी श्यूयिंगकडे पाहिले. मुलगा आता केवढा झाला आहे, हे तिला ठाऊक होते, दर सुगीला ती त्याला वर मान करून वाढत होती. पण नवऱ्याच्या डोळ्यांपुढे तो तेवढाच राहिला होता. तिने मानेनेच हो म्हटले. फळी खुणेच्या खाली बसली. मग गुरुजींनी खाट दारासमोर ओढून घ्यायला लावली आणि इतक्या वर्षांनी मुलासाठी दाराकडे तोंड केले.

पाई बाबांनी विहारात निरोप पोचवला. श्यूयिंग वाटेपर्यंत सामोरी गेली आणि मुलाच्या मागून चालत आली. दारापाशी युआन थबकला.

"आई, दार असं कसं झालं?"

"जुनं झालं. आलं खाली."

तो हसला, लहानपणी हसायचा तसा. मग कमरेत वाकून, मान खाली घालून आत गेला. ताठ झाला तेव्हा गुरुजी गेलेले होते. डोळे उघडे होते, दाराकडे लागलेले.

श्यूयिंग मागे होती, तिला फक्त मुलाची पाठ दिसली होती. तिने त्याचा हात धरला. "तू वाकलास तेव्हा होते का रे ते? पाहिलं का त्यांनी?"

एक होकार पुरला असता. पण भिक्षू खोटे बोलत नाही.

"आई, मी खाली बघत होतो. मला फक्त उंबरा दिसला."

तिने मागाहून आलेल्या पाई बाबांनाही विचारले. ते त्या दिवशी हसले नाहीत. "मलाही माहीत नाही," म्हणाले आणि तिच्याजवळ बसून राहिले.

श्यूयिंगने ती फळी पुन्हा वर चढवू दिली नाही. नवऱ्याच्या खाटेवर बसून ती दाराशी आलेल्या प्रत्येकाला सांगायची, "वाक, पण मान वर ठेव. माझ्याकडे बघ." आणि तो आत येताच म्हणायची, "पाहिलं." युआन येत राहिला आणि तिच्याकडे बघत वाकत राहिला. ती गेल्यावर गावाने एकेक करून आपली दारे खाली आणली, असे सांगतात.

आजही दीमनमध्ये घरी परतणारा माणूस नजर वर ठेवून वाकतो आणि आतले माणूस हातातले काम थांबवून "पाहिलं" म्हणते. हकिगत संपली की थाओ आजोबा पाहुण्यांना निरोप देतात आणि आपल्या घरी जातात. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आले. ते दारात वाकतात, मान वर करतात आणि तसेच थोडा वेळ थांबतात. मग आत जातात.