नथीचं फडकं

दागिने बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. गौरी यायच्या आधी वत्सलाकाकू पाटल्या रिठ्याच्या पाण्यात घासायच्या, पण नथीचे मोती मात्र जुन्या फडक्याने नुसते पुसायच्या.

एकदा नथ रुसली. "पाटल्यांना आंघोळ आणि मला ही चिंधी?" म्हणत तिने रिठ्याच्या पाण्यात उडी घेतली.

काकूंनी घाईघाईने तिला बाहेर काढलं. मोती मलूल दिसत होते. फडक्याने ते एकेक करून हलकेच टिपले.

"इतकं जपून पुसायला कुठे शिकलीस गं?" नथीने ओशाळून चिंधीला विचारलं.

"अगं, मी काकूंची लग्नातली पिवळी अष्टपुत्री साडी," चिंधी म्हणाली. "सासरी निघताना काकू रडल्या, तेव्हा तुझे ओले मोती माझ्याच पदराने पुसले होते."