उसवलेली बाही

एकदा, शंभर-दीडशे वर्षांमागं, जपानात एका म्हाताऱ्या बाईनं मुलींसाठी शाळा काढली. मुलीला वाचायला शिकवते म्हटलं की बाप दार लावून घ्यायचे. म्हणून बाईनं पाटी लावली ती शिवणवर्गाची. सकाळी शिवण, दुपारी अक्षरं. बापांना सकाळ ठाऊक. दुपारचं कुणी विचारलं नाही.

बाईच्या हाताखाली हात्सु नावाची शिष्या होती. ती पार थकली होती. पोर जरा वाचायला लागली की तिचं लग्न ठरे, आणि हात्सु पुन्हा नव्या पोरीला पहिल्या अक्षरापासून धरी.

एक दिवस चहाचा व्यापारी आला. त्याची मुलगी तोयो वर्गात सर्वांत हुशार.

"शिवण जमली असेल तर नेतो तिला. स्थळ चांगलं आहे, ते थांबायचे नाहीत."

बाईनं तोयोनं शिवलेला किमोनो मागवला. टाके अगदी एकसारखे. बाईनं बाही उलटली, नाक मुरडलं आणि सर्रकन दोरा ओढून ती उसवली.

"ही शिवण? तुम्हाला ठाऊकच आहे, दर धुण्याला किमोनो उसवून पुन्हा शिवावा लागतो. हिनं सासरी असं शिवलं, तर सासू तुमच्या तोंडात शेण घालेल."

व्यापारी ओशाळला. "मग आजवर शिकवलंत काय?"

"मीच कमी पडले. अजून वर्षभर राहू द्या."

तो पुटपुटत निघून गेला. तोयो रडत आत पळाली.

हात्सु संतापली. "बाई, खोटं बोललात. आता गाव म्हणेल, म्हातारीला साधी बाही शिकवता येत नाही."

"म्हणू दे. शिवण चांगली म्हटली असती तर माझं नाव झालं असतं, आणि पोर आजच गेली असती. शिकवणाऱ्याला शाबासकीही हवी नि शिष्यही हवा, असं दोन्ही दरवेळी मिळत नाही. दमले गं मीही. पण वर्ष तर मिळालं. जा, तिची समजूत घाल."

हात्सु आत गेली. तोयोनं नाक पुसलं.

"ताई, माझी शिवण सरळ होती, मला माहीत आहे," ती हळूच म्हणाली. "दुसरी बाही किती वाकडी शिवू? बाबांना पटेल इतकीच ना?"

हात्सुचा शीण काही उतरला नाही. पण ती तिच्याशेजारी बसली आणि तिनं पुस्तक उघडलं.