पंतांचं पागोटं आणि म्हशीचं तळं

महाराजांना तळं हवंच होतं, जागा उभ्या उताराची होती, मधून ओढा धावत होता, आणि दरबारचा जलाधिकारी मी होतो. या चारांतली सगळ्यांत मोठी अडचण कोणती, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी मी ओढ्यात आडवा बांध घातला. घडीव दगड, उत्तम चुना, वर माझ्या नावाची शिळा. आषाढात बांध गेला. दुसऱ्या वर्षी दुप्पट जाड घातला. तो जाताना शिळाही घेऊन गेला. ती खालच्या गावात सापडली म्हणे. तिथल्या बायका आता तिच्यावर धुणं आपटतात.

तिसऱ्या वर्षी महाराजांनी बोलावणं धाडलं.

"पंत, राणीसाहेबांना कमळं हवीत. भाऊबीजेपर्यंत तळं काठोकाठ भरलेलं दिसलं पाहिजे. पण ओढा पुढे आमच्या मेहुण्यांच्या मुलखात जातो. तुमचा बांध उभा होता तेवढे दिवस त्यांचं पाणी तुटलं, आणि रुसून ताईसाहेब भाऊबीजेला आल्या नाहीत. तेव्हा यंदा त्यांच्या पाण्यातलं टिपूससुद्धा घ्यायचं नाही."

"म्हणजे महाराज, ओढ्याचं पाणी न घेता ओढ्याकाठचं तळं भरायचं?"

"बरोबर समजलात. नाही जमलं तर पागोटं उतरवून ठेवा आणि घरी बसा."

पागोटं माझ्या आजोबांपासून चालत आलेलं. त्याखाली डोकं आहे असा लोकांचा समज होता, आणि माझी सारी अब्रू त्या समजावर टिकून होती. मी पार घाबरून गेलो.

वैशाखात सपाटी तपासायची पाणसळ घेऊन उतारावर गेलो. दिवसभर सपाट जागा शोधली. ठेवीन तिथून पाणसळ घरंगळायची आणि मी तिच्यामागे धावायचो. शेवटी माझाच पाय घसरला. बसल्या बैठकीला जो निघालो तो थेट ओल्या चिखलात, एका म्हशीशेजारी येऊन थांबलो. म्हशीनं जरा सरकून मला जागा दिली. दरबारात एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

"पंत, तुमाला पण घावली व्हय ही जागा?"

गवळ्याची चिमा काठीवर हनुवटी टेकून हसत होती. पोरगी सतरा-अठराची, पण म्हशींचा सारा कारभार तिच्याच हाती.

"कसली जागा?"

"तळ्याची. आमची म्हस रोज हितंच लोळती. उतारावर कोन लोळंल? हितं जिमीन सपाट हाय, खाली चिकनमाती हाय, आन् वढा पंधरा पावलं लांब. पुराच्या वाटंत बसू नये, एवढं तिला कळतंय."

तीन पिढ्यांचा जलाधिकारी मी, चिखलात बसून मुकाट ऐकत होतो.

"पण इथं पाणी येणार कसं?"

"वरच्या अंगानं बारीक पाट काढायचा. तळं भरलं की दुसऱ्या पाटानं पाणी परत वढ्यात. जेवढं आत, तेवढंच भाईर. वढा हाय तसा वाहील."

"आणि पहिल्यांदा भरताना? तेव्हा मेहुण्यांचं पाणी कमी होणारच की."

"बघू की," चिमा म्हणाली.

तळं आणि दोन्ही पाट खोदून झाले. तळातून पाणी झिरपू नये म्हणून मी चुना मागवत होतो, तर चिमानं चाळीस म्हशी आत सोडल्या आणि आठ दिवस माती तुडवून घेतली. तळ असा घट्ट झाला की माझा चुना तसाच पडून राहिला. पाऊस लागला, ओढा फुगला, पण पाटाच्या तोंडावरचा दगड काही ती काढू देईना. मी रोज विनवायचो आणि ती रोज मान हलवायची.

श्रावणात मेहुण्यांचं पत्र आलं, तेही माझ्याच नावावर आणि चांगलं खरमरीत. मी रडवेला होऊन चिमाला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, उठली आणि पाटावरचा दगड बाजूला केला.

"पंत, ह्यो कागद पागोट्यात खोवून ठिवा. पागोटं काढायची येळ येईल तवाच काढा."

भाऊबीजेला मंडळी तळ्यावर आली. ताईसाहेबसुद्धा आल्या. तळ्यात काठोकाठ पाणी, वर कमळाची पानं, आणि बाजूनं ओढा खळखळ वाहतोय. मेहुण्यांनी एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आज ओढा पुरा आहे, कबूल. पण हे तळं कधीतरी रिकामं होतं ना? मग भरलं ते आमच्याच पाण्यानं."

ताईसाहेबांनी ओवाळणीचं तबक बाजूला ठेवलं. महाराजांचा चेहरा उतरला.

"पंत, काय उत्तर आहे?"

मी वळून मागे उभ्या चिमाकडे पाहिलं. उत्तरं तिच्याकडेच असायची.

"मग काढा पागोटं," महाराज म्हणाले.

मी हात वर नेले. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले होते. पागोटं उतरलं आणि घडी घातलेला कागद महाराजांच्या पायाशी पडला. कागदाचं मी साफ विसरून गेलो होतो.

"वाचा की म्हाराज," मागून चिमा म्हणाली.

महाराजांनी मोठ्यानं वाचलं. "विसाजीपंत जलाधिकारी यांस. तुमच्या ओढ्याच्या पुरानं आमची भातं बुडाली. जास्तीचं पाणी आम्हाला नको. काहीही करा, पण ते तुमच्याकडेच ठेवून घ्या. नाहीतर यंदाही भाऊबीज विसरा." खाली मेहुण्यांची मोहोर होती.

"कागद आला त्याच दिवशी पाट सोडला," चिमा म्हणाली. "पूर वसरायच्या आत तळं भरलं. पाव्हन्यांच्या पान्यातलं आमी कायबी घेतलं न्हाई. त्यांनी नगं म्हनलं, तेवढंच ठिवून घेतलं."

आधी ताईसाहेबांना हसू फुटलं. मग महाराज असे हसले की त्यांना काठावर टेकावं लागलं. मेहुणे तो कागद उलटसुलट करून आपलीच मोहोर बघत होते, शेवटी तेही हसले. ताईसाहेबांनी तबक उचललं आणि तिथंच, तळ्याकाठी, भावाला ओवाळलं.

महाराजांनी वरचं सगळं कुरण चिमाच्या नावे करून दिलं आणि तळ्याची देखरेखही तिच्याकडे सोपवली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी बोडक्या डोक्यानं तसाच उभा होतो.

"घाला पंत, पागोटं घाला," महाराज डोळे पुसत म्हणाले. "तीन पिढ्यांत पहिल्यांदाच त्यातून काहीतरी कामाचं निघालं."