शेवटचा शब्द

फार जुनी गोष्ट आहे. कुठल्या राजाच्या काळातली ते विचारू नका, कारण त्या गावाला आपला राजा कोण हे कधी धड कळलंच नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक खेडं होतं. खेड्यात कौलारू मंदिर होतं, तिथे ख्रिस्ताची लहानशी मंडळी जमत असे, आणि त्या मंडळीचे एक पाळक होते. लहानथोर सगळे त्यांना पाळकबाबा म्हणत.

पाळकबाबा म्हणजे सोन्यासारखा माणूस. घंटा तेच वाजवत, गीत तेच सुरू करत, आजाऱ्याच्या उशाशी तेच बसत, दोन जावांचं भांडण मिटवायलाही तेच जात. प्रार्थना तर त्यांच्याशिवाय कुणी करतच नसे. मंडळीचं काम एकच, शेवटी आमेन म्हणायचं. ते आमेन असं दणदणीत असे, की कौलांवरची कबुतरं उडत. पाळकबाबांना त्याचा भारी अभिमान होता. माझी मंडळी किती तयार आहे बघा, असं ते आल्यागेल्याला सांगत.

एकदा ते डोंगरापलीकडच्या गावी लग्न लावायला गेले, आणि इकडे रिबकाआजींनी अंथरूण धरलं. मंडळीत सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच. निम्म्या गावाला त्यांनी न्हाऊमाखू घातलेलं. आपली वेळ आली हे त्यांनी ओळखलं आणि क्षीण आवाजात सांगितलं, माझ्यासाठी कुणीतरी प्रार्थना करा.

मंडळीत मान असलेले अमृतराव आले. शेजारची सलोमी आली. घर माणसांनी भरून गेलं. अमृतरावांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. त्यांनी सलोमीकडे पाहिलं, सलोमीने दाराकडे. पाळकबाबांच्या तोंडी शोभणारे शब्द आपल्या तोंडी कसे शोभतील, हीच प्रत्येकाची अडचण. शेवटी आजींनीच हात जोडले. आपला जीव त्यांनी आपणच प्रभूच्या हाती सोपवला, आणि जमलेल्यांनी आमेन म्हटलं. दुपार कलायच्या आत आजी गेल्या.

पाळकबाबा परतले तेव्हा सलोमीने सगळं सांगितलं. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते बाबांना जास्त लागलं.

"बाबा, आम्हाला तेवढंच येतं," ती म्हणाली. "शेवटचा शब्द."

बाबांचं जेवणावरून मन उडालं. मरणाऱ्या बाईला स्वतःची प्रार्थना स्वतः करावी लागली, आणि तीही माझ्या मंडळीत! आधी त्यांना लोकांचाच राग आला. इतकी वर्षं ऐकूनही यांना चार शब्द जुळवता येऊ नयेत? मग ते घंटा वाजवायला गेले. दोर हातात धरताना त्यांना दिसलं, की तो एकाच ठिकाणी झिजलाय, अगदी त्यांच्या हाताच्या उंचीवर. बाकी दोर नव्यासारखा होता. मग मात्र दोष कुणाला द्यायचा ते त्यांना कळलं.

पुढच्या रविवारी त्यांनी अमृतरावांना प्रार्थना करायला सांगितलं. अमृतरावांनी धीर करून सुरुवात केली. गावातली माणसं झाली, मग गुरंढोरं झाली, आणि एका लंगड्या रेड्यापाशी ते असे अडकले, की शेवट कसा करावा तेच सुचेना. पाळकबाबांना राहवलं नाही. मध्येच त्यांनी सूत्रं हाती घेतली आणि प्रार्थना सुरेख पुरी केली. मंडळी खूश झाली. पण त्याच्या पुढच्या रविवारी अमृतराव पार मागे, दाराजवळ बसले, आणि ज्याला म्हणून विचारावं त्याचा घसा बसलेला निघाला.

त्याच संध्याकाळी बाबा अमृतरावांच्या घरी गेले.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. "तुम्ही देवाशी बोलत होता. मी मंडळीसमोर मिरवलो."

मग त्यांनी मंडळीत एक रीत घातली. ज्याला कुणाच्या घरी प्रार्थना करायची असेल, त्याने आधी त्या घरी एक घागर पाणी भरायचं. नुसतं गोड बोलायची हौस असलेले एकदोघे घागर पाहूनच गळाले. जे टिकले, ते पाणी ओतता ओतता घरातलं दुखणं ऐकत, आणि मग त्यांना प्रार्थनेसाठी शब्द शोधत बसावं लागत नसे. घंटा आणि गीतही बाबांनी पाळीपाळीने इतरांवर सोपवलं. कुणी घंटा वेळेआधीच बडवली, कुणी गीत इतक्या वरच्या सुरात उचललं की फक्त पोरंच गाऊ शकली. बाबा कोपऱ्यात जीभ आवरून बसत. चुकलेलं सांगायचं ते घरी जाताना, वाटेत, एकट्याला.

वर्षं गेली. पाळकबाबा थकले आणि आजारी पडले. रविवारी सकाळी सवयीने उठायला धडपडले, तोच घंटा वाजली. मग गीत सुरू झालं, नीट सुरात. त्यांना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? आपल्यावाचून काही अडलं नाही हे पचायला जडच. पण गीत संपेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पाणी आनंदाचं होतं.

उपासनेनंतर मंडळी त्यांच्या घरी आली. सलोमीच्या कमरेवर घागर होती. तिने रांजण भरला, पदराला हात पुसले आणि उशाशी बसली. बाबांनी हात जोडून तोंड उघडलं, तसा तिने त्यांच्या हातांवर आपला हात ठेवला.

"बाबा, आज तुमचं काम शेवटच्या शब्दाचं."

सलोमीने प्रार्थना केली. मध्ये अडखळली, थांबली, पुन्हा बोलली. बाबांनी एक शब्दही सुधारला नाही. शेवटी ते आमेन म्हणाले. आवाज बारीक होता, पण दारात उभ्या असलेल्या अमृतरावांनाही तो ऐकू गेला.

पुढे पाळकबाबा प्रभूकडे गेले. त्यांना पोचवताना गीत उचलायला कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्या मंदिराच्या घंटेचा दोर आता वरपासून खालपर्यंत झिजला आहे, उंच हातांनी आणि ठेंगण्या हातांनीही.

तेव्हा पोरांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: जो सगळं काम एकटा करतो तो मंडळीला मुकी करून ठेवतो, आणि जो आपल्या जागी उभी राहणारी माणसं घडवतो तोच खरा पुढारी.