झाकलेली ओळ

फार जुनी गोष्ट आहे. राजे होते, दिवाण होते, आणि आडवाटेच्या एका गावात राजाच्या खर्चाने चालणारी एक शाळा होती. शाळेला एकच गुरुजी. माणूस मायाळू, पोरांच्या तापात रात्रभर उशाशी बसणारा. पण शाळेचं नाव खराब होईल या भीतीने त्याला घास गोड लागत नसे.

या शाळेत एक चांगली रीत होती. दर बाजाराच्या दिवशी मुलं एका मोठ्या कागदावर आपल्या हाताने मजकूर लिहीत आणि तो ओसरीच्या भिंतीला लावत. त्याला भित्तिपत्रक म्हणत. त्यात कविता असे, कोडं असे, गावाची खबरबात असे. बाजारला आलेली माणसं टोपल्या खाली ठेवून ते वाचत. आवडी नावाची मुलगी त्याची संपादक होती. खबर लिहायची तर डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, हा तिचा नियम. तो तिला गुरुजींनीच शिकवला होता.

एकदा भित्तिपत्रकात ओळ आली, 'शाळेच्या भातात खडे असतात.' खरंच असत. पण ती ओळ वाचून गुरुजींनी संपादकाला बाजूला बोलावलं.

"बाळ," ते आवडीला म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या घरचं उणं आपणच वेशीवर टांगू नये."

"पण खडे आहेत ना, गुरुजी?"

"आहेत. म्हणून लिहायलाच हवं का?"

त्यांनी खळ शिजवली, कोऱ्या कागदाची पट्टी कापली आणि त्या ओळीवर सफाईने चिकटवून टाकली.

दुसऱ्या दिवशी मुलं जेवायला बसली आणि ओसरीवर करकर, करकर आवाज येऊ लागला. मुलं खडे चावत होती. एकाचंही तोंड वाकडं होत नव्हतं. एका पोराचा दात तुटला, ओठावरून रक्त ओघळलं, तरी तो हसून म्हणाला, "भात छान झालाय, गुरुजी." गुरुजींनी स्वयंपाकाच्या बाईला बोलावून तांदूळ दाखवला. तिने सूप डोळ्यांजवळ नेलं, खड्यांमधून बोटं फिरवली आणि म्हणाली, "स्वच्छ तर आहेत की."

गुरुजींना मात्र खडे लख्ख दिसत होते. पण माणूस स्वतःची समजूत घालण्यात पटाईत असतो. पोरांना सवय झाली असेल, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

पुढच्या बाजारी आवडीने लिहिलं, 'मैदानातल्या विहिरीचा कठडा पडला आहे. कोणीतरी आत पडेल.' आणि नेमका तेव्हाच निरोप आला, की दिवाणसाहेब शाळा पाहायला येणार आहेत. शाळा पसंत पडली तर नवं छप्पर मिळणार होतं. पावसात पोरं डोक्यावर पोती घेऊन पाढे म्हणत, ते गुरुजींना बघवत नसे. छप्पर त्यांना हवंच होतं. त्यांनी पुन्हा खळ शिजवली आणि पट्टी लावली.

मधल्या सुट्टीत आवडी शिवणापाणी खेळताना पळत सुटली ती थेट विहिरीकडे. गुरुजींनी धावत जाऊन तिचा दंड धरला.

"काय झालं, गुरुजी?"

"पोरी, पुढे विहीर आहे."

आवडीने पाहिलं. काळ्या पाण्यावरून तिची नजर सपाट जमिनीवरून फिरावी तशी फिरली. "इथे कुठे आहे विहीर?" ती म्हणाली. "इथे तर नुसतं मैदान आहे."

गुरुजी ओसरीवर गेले आणि नखाने पट्टी खरवडू लागले. पट्टी निघाली, पण अक्षरंही तिच्याबरोबर निघाली. त्यांनी आवडीला ती ओळ पुन्हा लिहायला सांगितलं. तिने कलम हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली. "जे मला दिसत नाही ते मी कसं लिहू, गुरुजी? तुम्हीच तर शिकवलंत." ती रडायच्या बेतात होती.

त्यांनी गावातला गवंडी आणला, तर गवंडी हसतहसत विहिरीतच पाय टाकायला निघाला. त्याला कसंबसं मागे ओढलं. त्यांनी भोवती काट्या रचल्या, तर मुलांनी दिवाणसाहेब येणार म्हणून मैदान झाडताना त्या उचलून नेल्या. शेवटी गुरुजी रोज सुट्टीभर काठावर हात पसरून उभे राहू लागले. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक हळू आवाजात बोलू लागले.

उपाय एकच होता. ती ओळ पुन्हा कागदावर यायला हवी होती, आणि विहीर दिसणारा माणूस आता एकटे गुरुजीच उरले होते. हे त्यांना कळत होतं. पण दिवाण ते वाचणार, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दिवाण जाऊ देत, मग लिहू, असं ते रोज ठरवत.

दिवाणसाहेब आले, आणि भित्तिपत्रक वाचल्यावर त्यांनाही मैदानात विहीर दिसेना. मुलांनी त्यांची खुर्ची झाडाच्या दाट सावलीत मांडली. ती सावली विहिरीच्या काठावर पडत होती, आणि खुर्चीचा एक पाय सुट्या दगडावर होता. लेझीम सुरू झालं. विहिरीकडे पाठ केलेली मुलींची रांग पुढे येई, मागे जाई, आणि दर खेपेला थोडी जास्तच मागे जाई. गुरुजी हार हातात घेऊन उभे होते. एका चिमुरडीच्या हातून लेझीम सुटलं आणि तिच्या मागे दिसेनासं झालं. खालून डुबुक असा आवाज आला. कोणी वळून पाहिलं नाही. ती चिमुरडी रिकाम्या हातांनी तसेच हातवारे करत, हसत, पाठमोरी मागे चालली होती.

गुरुजींच्या हातून हार गळून पडला. ते ओसरीकडे धावले. कलम सापडेना, म्हणून चुलीतला कोळसा उचलला आणि भित्तिपत्रकातल्या दिवाणांच्या स्वागताच्या कवितेवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मैदानात विहीर आहे. कठडा पडला आहे. आवडीने हे लिहिलं होतं. मी ते झाकलं.'

शेवटचं अक्षर पुरं झालं आणि मागे किंकाळ्या उठल्या. आवडीने त्या चिमुरडीला परकराला धरून ओढलं. दिवाणसाहेब मातीत पालथे पडले होते. त्यांची खुर्ची आत गेली, आणि या खेपेला तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

दिवाण अंगावरची माती झाडत उठले. "इथे विहीर आहे हे आम्हाला आधी का नाही सांगितलं कोणी?"

आवडी म्हणाली, "आम्ही सांगितलं होतं, साहेब."

छप्पर शेजारच्या गावाला मिळालं. कठडा मात्र गावाने आठवड्याच्या आत बांधला. गुरुजींनी खड्यांची ओळही परत लिहिली. त्या दुपारी मुलांनी भात थुंकला, आरडाओरडा केला, आणि ती ओरड ऐकून गुरुजींना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

पुढे कपाट आवरताना त्यांना जुनी भित्तिपत्रकं सापडली. ती आधीच्या गुरुजींच्या काळातली होती. तेव्हा आपले हे गुरुजी याच शाळेत पहिलीत होते. जवळपास प्रत्येक कागदावर पिवळ्या पडलेल्या पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांखाली काय होतं, ते त्यांना काही केल्या आठवेना. मग त्यांनी बाहेर येऊन शाळेकडे, मैदानाकडे पाहिलं. सगळं नीटनेटकं दिसत होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

तेव्हापासून परगावाहून नवं मूल आलं, की त्याने भिंतीवरचं काही वाचायच्या आधीच गुरुजी त्याच्या हाती कागद देतात. "इथे तुला काय काय दिसतं ते लिही. माझी भीड धरू नकोस." परवा अशीच एक मुलगी आली. तिने गुरुजींच्या खांद्यामागे टक लावून पाहिलं, एक पाऊल मागे टाकलं आणि लिहायला घेतलं. गुरुजींनी मागे वळून पाहिलं. त्यांना रोजचीच भिंत दिसली. ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि तिचं लिहून व्हायची वाट पाहू लागले.

तात्पर्य इतकंच: मुलांचा शब्द झाकल्याने संकट टळत नाही, ते येताना दिसायचं तेवढं बंद होतं.